केमिकल सुकेपर्यंत

कमळाकर, तुझ्यावर लिहिणार म्हटल्यावर तू म्हणशील, ‘माझं काय लिवायचं?’ गप्प बस आणि ऐक. तू लबाडी केलीस. आणि ती चहासाठी नव्हती, हे मला ठाऊक आहे.

तर हा कमळाकर कोलाडचा. धाटावच्या कंपन्यांत पाइपांचे ब्रॅकेट भिंतीला धरून ठेवणारे फास्टनर बसवण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. ठेकेदाराने थांबवलं, तेव्हा ड्रिल मशीन घेऊन घरोघरची कामं करू लागला. बायको वारली, मुलगी सुरभी पेणला दिलेली. घरातला मिक्सर फिरायचा बंद झाला. एकट्यापुरतं वाटण कोण करतं?

रोह्याला जुबेदाभाभींकडे तो पहिल्यांदा गेला तो न्हाणीत धरायची दांडी बसवायला. भाभींचे दोन्ही मुलगे आखातात, एवढ्या बंगल्यात त्या एकट्या. भिंत विटेची. त्याने भोक पाडलं, फुंकून धूळ काढली, केमिकल भरून बोल्ट खोचला.

‘आता हात लावायचा नाय. सुकेपर्यंत मी बसतो.’

भाभींनी चहा ठेवला. दोघं बोलत बसले. सांदणं, गुडघे, परदेशातल्या सुना. कमळाकर घरी आला तो शीळ घालत.

मग भाभींचं काही ना काही निघतच गेलं. फळी, पडदा, आरसा. एकदा कपड्यांच्या दोरीला हूक हवा होता, तोही सिमेंटच्या पिलरमध्ये. तिथे साधा फास्टनर घालून लोखंडी पंच ठेवून हातोडीचा ठोका दिला की तो आत फुलून घट्ट बसतो. चुटकीसरशी होणारं काम. कमळाकरने पिशवीतून केमिकलची नळी काढली.

‘हे कशाला रे?’

‘विटेत ठोकलेलं धरत नाय, भाभी.’

‘पिलर विटेचा असतो व्हय? शेजारच्या माहिराकडं तर ठोकलंस नि पळालास!’

कमळाकरचे कान लाल. भाभी पदर तोंडाला लावून हसल्या. ‘अरे, चहाला भोक पाडावं लागतं काय? असाच येत जा की!’

असाच! खांद्याला पिशवी नसताना एकट्या बाईच्या दारात उभं राहायची त्याची छाती नव्हती. गल्लीला काय सांगणार? त्याला काम हवं होतं, आणि आता एकच उरलं होतं, गॅलरीतल्या झोपाळ्याच्या कड्या. सागाची फळी येऊन पडली होती. कड्या लागल्या की मग जायचं कशासाठी? म्हणून हा बाबा लांबवत राहिला. कधी ड्रिलचं बिट मोडलं, कधी स्लॅब ओला.

‘मे महिन्यात ओला? मी मेल्यावर लावशील!’

‘पुढल्या आठवड्यात नक्की, भाभी.’

पुढल्या आठवड्यात धाकटा तमीम कतारहून आला आणि आईला घेऊन गेला. निघताना भाभींनी फोन केला, ‘किल्ली माहिराकडं हाय. कड्या लावून ठेव हां.’

‘लावतो,’ म्हणाला.

पण त्या रिकाम्या घरात भोक पाडून तो बसणार कुणापाशी? फळी भिंतीला टेकून उभी आहे. किल्ली मागायला कमळाकर अजून गेलेला नाही.