दुपट्ट्याखालचा भाव

माझे वडील बैलांच्या बाजारात दलाली करायचे. घेणाऱ्याचा हात हातात घ्यायचे, वर दुपट्टा टाकायचे आणि बोटं दाबून भाव सांगायचे. तोंडातून एक आकडा निघत नसे. लहानपणी मी त्या दुपट्ट्याकडे टक लावून बघायचो. आत काय चाललंय ते कळावं म्हणून जीव नुसता तळमळायचा. विचारलं की म्हणायचे, "मोठा झाला का शिकवन तुले."

मोठा झालो, घरचे बैल गेले, आणि धान-भाजीपाला बाजारोबाजारी न्यायला मी नवी पिकअप घ्यायचं ठरवलं. गाडी माझी, कर्ज माझं. सौदा मात्र आपणच करायचा, हे वडिलांनी परस्पर ठरवून टाकलं. आलापल्लीहून चंद्रपूरला जाताना एसटीत ते ठेवणीतला दुपट्टा मांडीवर घेऊन बसले होते.

शोरूममधल्या तरुण विक्रेत्यानं किंमत सांगितली. वडिलांनी त्याचा हात धरला आणि वर दुपट्टा टाकला. बोटं दाबताच तो खिदळला आणि त्यानं हात काढून घेतला. पलीकडच्या टेबलावरचे लोकही हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"राहू द्या बाबा, इथी असं नाई चालत," मी म्हणालो. जरा जोरातच.

मग मी माझ्या पद्धतीनं सुरू झालो. नागपूरच्या शोरूमचं कोटेशन मोबाइलवर दाखवलं, दोनदा उठून दारापर्यंत गेलो, शेवटी मॅनेजरला केबिनबाहेर यायला लावलं. किंमत उतरली, वर ताडपत्री आणि सीट कव्हर फुकट. सौदा झकास झाला, उगाच कशाला नाही म्हणू! वडील तेवढा वेळ खिडकीशी दुपट्ट्याची घडी घालत बसले होते.

परतताना त्यांनी एवढंच विचारलं, "त्या पोरानं हात काऊन काढला रे?"

"त्याले समजलं नाई, बाबा."

तेव्हाच माझा हात पुढे करून, "मले सांगा," म्हणायला हवं होतं. पण मी गाडीच्या खुशीत होतो. पुढे त्यांनी तो विषय काढला नाही, आणि दोन वर्षांपूर्वी ते गेले. त्या दिवशी त्यांनी कोणता भाव लावला होता, ते कळावं असं मला अजून फार वाटतं.

गेल्या महिन्यात एका बाजारात तांदळाचे कट्टे उतरवले आणि सहज बैलांकडे चक्कर मारली. मोजकीच जनावरं होती. वडिलांबरोबर काम केलेला एक म्हातारा दलाल मला चेहऱ्यावरून ओळखून जवळ आला. "या जोडीचा भाव सांगतो, ओळख," म्हणत त्यानं माझा हात धरला, वर दुपट्टा टाकला. त्याच्या खरखरीत बोटांनी माझी दोन बोटं दाबली, मग एक, मग तळहातावर काहीतरी ओढलं. मला काहीच कळलं नाही.

"बापानं शिकवलं नाई तुले?" त्यानं विचारलं.

हात काढून घ्यायला हवा होता. मला तो काढवेना.