नाना रंगवायचे, शालूवहिनी गायच्या

आमच्या नाटकमंडळीतले आता जेमतेम चौघे उरलोत. भेटलो की आधी गुडघे, मग मुलांच्या नोकऱ्या, आणि चहाचा दुसरा कप आला की कुणीतरी नाना भाटकर आणि शालूवहिनींचा विषय काढतोच. प्रत्येकाकडे त्यांचं काहीतरी साठलेलं असतं. माझ्याकडे जरा जास्त आहे, कारण मी प्रॉम्प्टर होतो. प्रॉम्प्टरला विंगेतून सगळं दिसतं आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही.

नाना शाळेत ड्रॉइंग शिकवायचे आणि उरलेल्या वेळात मंडळीचे पडदे रंगवायचे. स्वातंत्र्याला पाच-सात वर्षं झाली होती, तरी आमची नायिका म्हणजे ट्रेझरीतला एक कारकूनच. त्याची बदली झाली आणि मुलींच्या शाळेतल्या गायनाच्या बाई काम करायला तयार झाल्या. त्याच शालूवहिनी. रत्नागिरीत बाई स्टेजवर उभी राहणार म्हणून गावात केवढी चर्चा!

एकदा वहिनी हॉलमध्ये पुढे पदाची तालीम करत होत्या आणि मागे नाना बागेचा पडदा रंगवत होते. संध्याकाळी पडदा टांगला, तर आभाळात दोन चंद्र. दिग्दर्शकांनी हे काय म्हणून विचारलं. नाना ब्रश पुसत म्हणाले, "पहिल्या कडव्याला एक काढला होता. दुसरं कडवं सुरू झालं आणि विसरलो."

पुन्हा रंगवायला वेळ नव्हता. प्रयोग दोन चंद्रांवरच झाला. प्रेक्षकांतून एकानंही तक्रार केली नाही. वैशाखात दोघांचं लग्न झालं.

आता गंमत अशी, की नानांना गाण्यातलं ओ की ठो कळत नसे. पण बायको गायला बसली की हे पहिल्या रांगेत, आणि भलत्याच जागी मान डोलवायचे. आमचा तबलजी हसनमियाँ, राजिवड्याचा, मासेमारीच्या दोन मचव्यांचा मालक. त्याची नजर नानांच्या मानेवर गेली की ठेका सुटायचा. शेवटी त्यानं हात जोडून नानांना मागे बसायला सांगितलं. नाना बिचारे शेवटच्या रांगेत गेले.

झालं, वहिनींचं गाणं लागेना. नजर सारखी मागे. दुसऱ्या पदाच्या मध्यावर हसनमियाँनं तबला थांबवला, नानांना पुढे बोलावून बसवलं आणि स्वतः डग्ग्यासकट फिरून बसला. "तुमी दोगं येकमेकाला बगा," तो म्हणाला, "मी भिंतीला बगतो."

पुढे कायमच आमचा तबलजी लोकांकडे पाठ करून वाजवायचा. चिपळूणच्या एका रसिकानं मला अगदी अदबीनं विचारलं होतं, ही कुठल्या घराण्याची पद्धत?

वहिनींचंही तसंच. त्यांना साधी सरळ रेघ ओढता येत नसे, पण नानांच्या चित्राबद्दल कुणी ब्र काढायची सोय नव्हती. नानांनी रंगवलेल्या प्रत्येक बाईचं नाक वहिनींचं असायचं. पडद्यावरची सीता असो की शूर्पणखा. एका मामलेदारांनी बायकोचं पोर्ट्रेट करायला सांगितलं, तिथेही तेच नाक उतरलं. मामलेदार बराच वेळ चित्र न्याहाळत राहिले आणि म्हणाले, नाक जरा बघायला हवं. त्यावर मामलेदारीणबाईंनी चित्र चटकन उचलून आत नेलं. "राहू द्या," त्या म्हणाल्या, "हेच बरंय."

मग एका वर्षी वहिनींना विषमज्वर झाला. जीव वाचला, पण आवाज गेला. डॉक्टरांनी तीन महिने एक शब्दही बोलायचा नाही अशी ताकीद दिली. पुढचं काही सांगता येत नाही, हे त्यांनी नानांना बाहेर बोलावून सांगितलं.

मी भेटायला गेलो तर दोघांच्याही हातात पाट्या. वहिनींना बोलायची बंदी, म्हणून नानांनीही घरात बोलणं सोडलेलं. मी गेलो तेव्हा पाटीवर भांडण चाललं होतं. नाना भराभर मोठ्या अक्षरांत लिहीत होते आणि वहिनी ते वाचण्याआधीच पदरानं पुसून टाकत होत्या. घरात आवाज फक्त पेन्सिलींचा. मीसुद्धा तासभर कुजबुजतच बोललो. का, ते अंगणात आल्यावर माझं मलाच कळेना.

तीन महिन्यांनी आवाज आला, पण खाली उतरून, थोडा जाडसर होऊन. वहिनींनी गाणार नाही म्हणून सांगून टाकलं. लोक पहिला आवाज ऐकायला येतील आणि माघारी जाताना हळहळतील, ते मला सोसायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. सहा महिने आम्ही सगळ्यांनी विनवण्या केल्या, हसनमियाँ तर चारदा घरी जाऊन आला. कशाबशा तयार झाल्या. रविवारी दुपारी चारला, एकटीचं गाणं.

त्या दिवशी हॉल भरून माणसं खिडक्यांत बसली. वहिनी दीड तास गायल्या. नवा आवाज जास्त चांगला की जुना, यावर गावात अजून दोन पक्ष आहेत. मी नव्याच्या बाजूचा.

पण मला आठवतं ते गाण्याच्या आधीचं. पेटी घेऊन मी वहिनींबरोबर हॉलपाशी आलो, तर दारात नानांनी रंगवलेला बोर्ड. कार्यक्रमाचा बोर्ड नानाच करायचे. पण हा त्यांनी आम्हा कुणालाही दाखवला नव्हता. लिहिलं होतं:

"आज शालिनी भाटकर गातील. जुना आवाज हवा असेल त्यांनी कृपया येऊ नये. नवा मी घरी ऐकला आहे."

वहिनी बोर्डासमोर उभ्या राहिल्या. नाना बाजूला, हाताचा रंगही धुतला नव्हता. वहिनींनी सगळं वाचलं, परत एकदा वाचलं.

"अहो, 'भाटकर'मधला 'ट' वाकडा झालाय," त्या म्हणाल्या.

"हात कापत होता," नाना म्हणाले.

वहिनींनी चपला काढल्या, त्यांच्या हातात दिल्या आणि पायऱ्या चढून आत गेल्या.