आखाजीचा दिवस

मी शारजाला निघाले ते ९६ साल. विलास, माझा नवरा, आधीच तिकडे होता. पाच वर्षांची रेवा माझ्या हाताला. विमानतळाच्या दारात बाबा एवढंच म्हणाले, “मान खाली घालून काम कर, पण मान खाली घालून बोलू नकोस.”

शारजाच्या रोल्ला भागातल्या आमच्या फ्लॅटमधून मी एका कन्स्ट्रक्शन कंपनीत ड्रॉइंग करायला जायची. शेजारच्या टेबलावर मार्सिया, मूळची जमैकाची, पासपोर्ट ब्रिटिश. काम तेच, पगार दुप्पट. जळायला तेवढं पुरेसं होतं. पण खरी जळले ते एक ऑगस्टला, तिच्या घरी जेवायला गेले तेव्हा.

तिनं भिंतीवरचा पणजीचा फोटो दाखवला. “हिची आजी मळ्यावर गुलाम होती. आजच्या तारखेला आमचे लोक सुटले. तुमच्याकडे आहे असा दिवस?”

“फिफ्टीन्थ ऑगस्ट,” म्हणत मी भात चिवडत राहिले. माझे आजोबा खानदेशात जन्मभर पाटलाकडे सालदार, सालानं बांधलेले गडी होते. हे मी तिकडच्या एकाही मराठी घरात बोलले नव्हते. ही बाई मात्र पाहुण्यांसमोर खणखणीत आवाजात सांगत होती. पगाराहून मला त्या आवाजाचा हेवा वाटला.

शुक्रवारी फोन लावला. “बाबा, आजोबांची सालदारकी कधी सुटली?”

“सुटली कुठे? ते गेले तेव्हा संपली.” मग म्हणाले, “मी सुटलो. आखाजीला नवं साल धरतात. त्या वर्षी माझं ठरलं होतं. बारा वर्षांचा होतो. आईनं पहाटे मला एसटीत बसवलं आणि स्वतः पाटलाच्या गोठ्यात शेण काढायला गेली.”

पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी पुरणपोळी, आमरस केला. मार्सियाला बोलावलं, तीन मराठी कुटुंबांनाही. जेवताना सगळं सांगून टाकलं. हात थबकले. विलासच्या साहेबांची बायको पुटपुटली, “अगं, हे असं चारचौघांत कशाला?” दोन कुटुंबं घाईघाईनं उठली.

“आजीचं नाव काय?” मार्सियानं विचारलं.

“सोनाबाई.”

तिला म्हणता येईना. “नो आँटी, से इट अगेन,” म्हणत रेवानं तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. तेव्हाही मला मार्सियाचा हेवाच वाटत होता. तिच्या पंगतीतून कुणी उठून गेलं नव्हतं.

बाबा आता नाहीत. पुण्याला माहेरी वहिनी हा विषय काढू देत नाही. “पोरांची लग्नं व्हायचीत,” म्हणते. म्हणून घर कुठलं विचारलं की मी रोल्ला सांगते. आखाजीला तिथेच पानं मांडते. मागच्या खेपेला, त्या दिवशी न उठलेल्या तिसऱ्या कुटुंबातले गृहस्थ हात धुता धुता म्हणाले, “ताई, पुढच्या वर्षी माझ्या आईचं मी सांगेन म्हणतो.”