रोहनच्या सालीतला जास्तीचा ठिपका

प्लेटवर एक ठिपका जास्त होता. मी दिवा बंद करून पुन्हा लावला. ठिपका तिथेच.

भोसरीच्या एका टेस्टिंग लॅबमध्ये मी तेव्हा नवीन केमिस्ट होते. सॅम्पल होतं रोहनच्या सालीच्या पावडरचं. रोहन हे विदर्भातल्या जंगलातलं झाड. सूज आणि अंगदुखीवर तिकडे त्याची साल वापरतात. साल ओळखायला आम्ही टीएलसी करायचो. सिलिकाचा थर दिलेल्या पट्टीवर, म्हणजे प्लेटवर, अर्काचा थेंब ठेवायचा आणि पट्टीचं टोक सॉल्व्हंटमध्ये बुडवायचं. सॉल्व्हंट वर चढतं, अर्कातले घटक वेगवेगळ्या उंचीवर थांबतात आणि यूव्ही दिव्याखाली ठिपक्यांसारखे दिसतात. रोहनचे सगळे ठिपके जुळत होते. वरचा गडद ठिपका रोहनचा नव्हता.

सॅम्पल कापगते काकांचं होतं. मूळचे भंडाऱ्याकडचे, विश्रांतवाडीत छोटं दुकान. पूर्वी गावाहून साल आणून स्वतः कुटायचे. मग आयटीतली मुलं मानदुखीसाठी येऊ लागली. कुटणं पुरेना, म्हणून काका तयार अर्काची पावडर विकत घेऊ लागले. आता एका सॉफ्टवेअर कंपनीने स्टाफसाठी मोठी ऑर्डर द्यायची तयारी दाखवली होती. फक्त लॅब रिपोर्ट हवा होता.

सॅम्पल देताना काका खुशीत होते. "आमच्या मिसेसचंच पाहा ना जी. दोन वर्षांपासून रोज घेते. अर्ध्या तासात गुडघे मोकळे! फक्त पोट जळते तिचं. ते तं मिरचीनं."

मी नुसती मान हलवली होती. मी बहुतेक वेळा तेवढंच करते. पण ते जळणारं पोट डोक्यात राहिलं होतं.

लॅबमध्ये गोळ्यांचंही टेस्टिंग चालायचं. दुखणं थांबवणाऱ्या गोळ्यांनी पोट जळतं, म्हणून कपाटातलं डायक्लोफेनॅक काढून शेजारी लावलं. दोन्ही ठिपके एकाच उंचीवर. मोठ्या मशीनवरही तेच निघालं.

साठे मॅडम आमच्या इनचार्ज. त्यांनी प्लेट पाहिली. "क्लायंटने काय विचारलंय?"

"साल रोहनची आहे का, आणि ओलावा किती."

"मग तेवढं लिही. आपण रिपोर्ट देतो, प्रवचन नाही."

"पण मॅडम, त्यांच्या मिसेस..."

"तोंडी सांग की. तुझ्या तोंडाला कुलूप मी नाही लावलेलं, तू घेऊनच आलीस."

काका रिपोर्ट न्यायला आले तेव्हा मी त्यांना दिव्यापाशी नेलं आणि प्लेट दाखवली. "ही खरी साल. ही तुमची पावडर. आणि हे डायक्लोफेनॅक. दुखणं थांबवायची गोळी असते ना, ते."

"म्हणजे साल खोटी?"

"साल खरी आहे. गुण पावडर बनवणाऱ्याने मिसळलेल्या गोळीचा आहे. रोज घेतली तर पोटात अल्सर होऊ शकतो. काकूंना डॉक्टरांकडे न्या."

काका वाकून पाहत होते. "आणि मी लोकायले सांगतो, जंगलातलं आहे, काही होत नाही म्हणून." रिपोर्ट त्यांनी नेला नाही. तो दाखवला असता तर ऑर्डर मिळाली असती. त्यात फक्त साल आणि ओलावा होता, आणि शब्द न् शब्द खरा होता.

वर्षभराने मी त्या बाजूला गेले होते. अर्ध्या दुकानात मोबाइलची कव्हरं टांगली होती. काकांनी ती पावडर बंद करून पुन्हा गावची साल कुटायला घेतली होती. तिने आराम पडायचा, पण सावकाश आणि थोडा. "काका, क्वालिटी गेली तुमची," असं म्हणून मुलं समोरच्या मेडिकलमध्ये वळली. तिथे दुसरी कुठलीशी हर्बल पावडर मिळत होती. म्हणे अर्ध्या तासात गुण.

काकू खुर्चीत बसल्या होत्या, गुडघे सुजलेले. डॉक्टरांना अल्सरच सापडला होता. "पोट आता मस्त आहे, पोरी. गुडघे मात्र उठू देत नाहीत."

काकांनी समोर बोट दाखवलं. "त्यात बी तेच असंल का जी?"

"तपासल्याशिवाय नाही सांगता येणार. पैसे भरून कोणीही तपासून घेऊ शकतं."

"मग लोकं काहून नाही घेत?"

उत्तर काकूंनी दिलं. "काहून म्हणजे? त्यायचं दुखणं थांबलं ना."

सांगितल्याचा मला पश्चात्ताप नाही. पण काकूंना उठताना पाहिलं तेव्हा नजर वर करता आली नाही. आता कोणी कौतुकाने सांगितलं, की अमक्या झाडाच्या सालीने अर्ध्या तासात गुण आला, तर मी एवढंच विचारते, "पोट कसं आहे?"