रेडिओच्या पोटातला केस

रेडिओवालीच्या वडिलांनी अख्ख्या वस्तीची डोकी कात्रीखाली वाकवली, पण पोटच्या लेकीला काही वाकवता आलं नाही. त्यांचं सलून पुढे चालवायचं सोडून तिने शेजारच्याच गाळ्यात रेडिओ दुरुस्तीचं दुकान थाटलं. आता लांबलांबून माणसं जुने रेडिओ पोटाशी धरून तिच्याकडे येतात, आणि हसत परत जातात. वडिलांच्या तोंडून मात्र कौतुकाचा शब्द कधी फुटला नव्हता. तेवढंच तिला सलत असे.

सलूनमधल्या रेडिओला तर ते तिला हातही लावू देत नसत. बंद पडला की चापट मारायची, की लागलाच गायला. पण परवा हात लाल झाला तरी त्याने हूं की चूं केलं नाही. शेवटी म्हातारबुवा रेडिओ काखेत मारून लेकीच्या दारात उभे राहिले.

"बघ जमतंय का. आणखी बिघडवू नकोस म्हणजे झालं."

मीटर लावून तिने रेडिओच्या आतला बिघडलेला ट्रान्झिस्टर हुडकला; वाटाण्याएवढा भाग, वर धातूचं टोपण, खाली तारांचे चार पाय. मग खणातून तसलाच एक निकामी, टोपण कापलेला काढून भिंगाखाली धरला.

"बघा बाबा. टोपणाला आतून कथलाचा मुलामा असतो. त्याला आपोआप असे केस फुटतात. आतल्या तारेला टेकले की वीज भलतीकडे जाते, आवाज बंद. तुमच्या चापटीने केस तुटायचा."

वडिलांनी जन्माच्या सवयीने केस निरखला. "फारच बारीक. काप मग."

"तिथवर कात्री पोचत नाही. टोपणाला जोडलेला हा पाय कापते. मग केस टेकला तरी विजेला भलतीकडे जायला वाट उरत नाही."

"केस वाढला म्हणून पाय कापणार?"

तिचा हात थबकला. रेडिओ बोलला नाही, तर जन्मभर ऐकून घ्यावं लागणार होतं. तिने श्वास रोखून पाय कापला. रेडिओ खरखरला आणि गाऊ लागला.

 वडील कापलेला तुकडा खिशात टाकून, रेडिओ उचलून चालते झाले. तिचं तोंड एवढंसं झालं.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला ते तुकडा दाखवत होते.

"लेकीने कापलाय. आजूबाजूच्या तारांना ओरखडा नाही. कापायचा हात आहे तिला, माझ्यावर गेलीय."

रेडिओवालीने दुकानातले सगळे रेडिओ बंद केले. पुढच्या गिऱ्हाइकाला सांगतील, तेही तिला ऐकायचं होतं.