लायसन्स दाखवा!

डिटेक्टिव्ह म्हटलं की लोकांना पिस्तूल आठवतं. आमच्याकडे साठले ते नुसते किस्से! रिपोर्टात फक्त खरं लिहायचं, गंमत घरी न्यायची, असा ऑफिसचा नियमच होता. आयटी कंपन्यांची धडाधड भरती चालू होती आणि उमेदवारांनी दिलेली माहिती आम्ही तपासायचो. स्वारगेटजवळच्या त्या दीड खोलीच्या एजन्सीत मी सहा महिने ट्रेनी होते. तेवढ्या मुदतीत पक्क्या नोकरीचं कार्ड मिळालं नाही तर परत अमरावतीला, असं बाबांशी ठरलं होतं.

*

मुलाखतीत एजन्सीचे मालक देवधर सर यांनी विचारलं, "शिक्षण?"

"एम.एस्सी. बॉटनी. फर्स्ट क्लास."

"असू दे. गप्प बसता येतं?"

मी गप्प बसले. चांगली पाच मिनिटं!

"उद्यापासून या."

*

हिंजवडीच्या एका कंपनीतल्या एचआर मॅडमना आमचं लायसन्स बघायचं होतं. आता या धंद्याला वेगळं लायसन्सच नाही! कायदा येणार, येणार, असं सर कधीपासून सांगत होते. तोवर किराणा दुकानाला लागतं तेच शॉप अ‍ॅक्टचं लायसन्स आमच्या भिंतीवर. मॅडमनी ते नीट वाचलं.

"साप्ताहिक सुट्टी गुरुवार? आणि गुरुवारी कोणी खोटं बोललं तर?"

"शुक्रवारी पकडू," सर म्हणाले.

*

पत्त्याची माझी पहिली तपासणी पेठेत होती. उमेदवार तिथे राहतो का, एवढंच शेजारच्या काकूंना विचारायचं. काकूंनी दार बोटभर उघडलं.

"आपण कोण?"

मग माझं गाव, बाबांची नोकरी, हॉस्टेलचं जेवण, अजून लग्न का नाही... सगळं त्यांनीच विचारून घेतलं. ऑफिसात येऊन वही उघडली, तर पान कोरं!

सर म्हणाले, "त्या काकू नोकरी करतील का, विचारून या."

*

एका उमेदवाराने अर्जात मार्केट यार्डातल्या एका गाळ्यावरचा 'कॉम्प्युटरचा तीन वर्षांचा अनुभव' लिहिला होता. मी जाऊन शेठना विचारलं.

"हाय की कॉम्प्युटर!" त्यांनी कापड बाजूला केलं. वर हळदकुंकू, वायर अजून प्लॅस्टिकमध्ये. "रोज तोच पोरगा पुसायचा. लई जपून!"

मी रिपोर्ट लिहिला: अनुभव खरा. स्वरूप: पुसणे.

*

सहावा महिना संपत आला. हिंजवडीची तीच कंपनी आम्हाला वर्षभराचं काम देणार होती, पण आधी आमचीच तपासणी! ती त्यांनी मुंबईच्या एका एजन्सीला दिली. त्या एजन्सीची पुण्यातली सगळी कामं आम्हीच करायचो. त्यामुळे त्यांनी ती सवयीने आमच्याकडेच पाठवली.

सरांनी फाइल माझ्यापुढे ठेवली. "नेहमीसारखी तपासा. मला काही विचारायचं नाही."

सरांच्या नावापुढे बी.ए. होतं. मी विद्यापीठात जाऊन जुनी रजिस्टरं काढायला लावली. शेवटच्या वर्षाला सरांचं नाव होतं, पास झालेल्यांत नव्हतं. हे काम गेलं की ऑफिस बंद, आणि माझं कार्डही गेलंच. तरी लिहिलं, 'पदवीची नोंद आढळली नाही.'

सरांनी वाचलं, सही केली, पाकीट चिकटवलं. मग खणातून माझं कार्ड काढून दिलं. त्यावर 'इन्व्हेस्टिगेटर' छापलेलं होतं.

"अभिनंदन! आता बसा आणि नोकरीचे दोन अर्ज टाइप करा. माझ्यात बारावी पास लिहा."