डॉ. बिराजदारांची सही

रिपोर्ट हातात आला की डॉक्टर बिराजदार आकड्यांकडे बघायच्या आधी विचारायचे, "कुणाचं रक्त आहे हे?" नुसतं नाव सांगून भागायचं नाही. वय काय, गाव कुठलं, तपासायला कशासाठी सांगितलंय, सगळं सांगावं लागे. मी त्यांच्या लॅबमध्ये नवीन लागले तेव्हा एकदा मीच म्हणाले, "सर, नळीवर नंबर आहे." ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "पद्मा, नंबरला ताप येत नाही."

ते मूळचे अक्कलकोटकडचे. घरात कन्नड, बाहेर मराठी. आमच्या घरात तेलुगू, म्हणून माझ्याशी बोलताना ते दोन-तीन तेलुगू शब्द घालायचे आणि मुद्दाम चुकवायचे. मी दुरुस्त केलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. सोलापुरात त्यांची रक्त-लघवी तपासायची लॅब होती, आणि डॉक्टर मंडळींत त्यांच्या सहीला मान होता.

साठी उलटल्यावर त्यांनी लॅब पुण्याच्या एका कंपनीला विकली. नवी मशीनं एकट्याला झेपत नव्हती. करार असा होता की सही त्यांचीच राहील, आणि पुढची काही वर्षं जिल्ह्यात दुसरीकडे कुठेही त्यांनी हे काम करायचं नाही.

वर्षभरात कंपनीचा एक इंजिनियर आला. त्यानं सांगितलं, आता इथं चार एजंट काम करतील. एक मशीनवरचे आकडे वाचणार, दुसरा ते पेशंटच्या जुन्या रिपोर्टशी ताडून बघणार, तिसरा खालचा शेरा लिहिणार आणि चौथा रिपोर्ट पाठवणार. काउंटरवरच्या शबानानं विचारलं, "चौघं बसणार कुठं?" आम्ही हसलो. तो म्हणाला, "कॉम्प्युटरमध्येच. ती माणसं नाहीत, प्रोग्रॅम आहेत."

"मग माणूस काय करणार?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुम्ही फक्त नजर ठेवायची, सर. शेवटचं बटण तुमचंच."

टेंभुर्णी, माळशिरस, वेळापूर, सगळीकडे कंपनीनं रक्त गोळा करायची सेंटरं उघडली. तिकडच्या नळ्या आमच्याकडे यायला लागल्या आणि सगळे रिपोर्ट डॉक्टरांच्या स्क्रीनवर. त्यांनी बटण दाबलं की खाली त्यांची सही उमटायची. एजंट वाईट नव्हते, हे मला सांगायलाच हवं. एका म्हाताऱ्या बाईची साखर मशीननं भलतीच दाखवली होती, ती दुसऱ्या एजंटनं पकडली. आमच्यातल्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. डॉक्टरांनी त्याचं मोकळेपणानं कौतुक केलं. विश्वास बसत गेला तो अशानंच. पुढे ते कुणाचं रक्त म्हणून विचारेनासे झाले. विचारायला समोर कुणी उभंच नसायचं.

एकदा चहा घेताना म्हणाले, "पूर्वी मी रिपोर्ट बघून सही करायचो. आता सही करत बसतो आणि मधूनच एखादा रिपोर्ट दिसतो."

मग सुवर्णाचं झालं. वेळापूरच्या सेंटरवर एकाच सकाळी सुवर्णा नावाच्या दोन बायकांचं रक्त घेतलं आणि नळ्यांची अदलाबदल झाली. त्यातली एक गरोदर होती, दिवस भरत आलेले, अंगात रक्त फार कमी. नव्या रिपोर्टात तिचं रक्त एकदम चांगलं दिसलं. दुसऱ्या एजंटनं हा फरक बरोबर टिपला. पण तिसऱ्यानं त्याला कारणही शोधून दिलं. लोहाच्या गोळ्यांचा उत्तम परिणाम दिसतो आहे, असा नीटनेटका शेरा लिहिला. डॉक्टरांनी बटण दाबलं.

गावच्या डॉक्टरांनी तो रिपोर्ट वाचला आणि तिला सोलापूरला पाठवायचं रद्द करून बाळंतपण तिथंच केलं. रक्तस्राव थांबेना. अँब्युलन्समधून तिला इकडे आणलं. बाळ वाचलं, तीही वाचली, पण पिशवी काढावी लागली.

डॉक्टर मला बरोबर घेऊन तिला बघायला गेले. ती झोपली होती. बाहेर तिचा नवरा स्टुलावर बसला होता. डॉक्टरांनी नाव सांगितल्यावर तो उठून हात जोडायला लागला.

"तुमचं नाव ठावं हाय की. आमचं डाक्टर म्हनलं, बिराजदार सायबांची सही हाय, आता काळजी न्हाय. म्हनून आमी निवांत व्हतो."

"चूक माझी आहे," डॉक्टर म्हणाले.

"तुमी कुटं नळी बदलली?"

"नळी नाही बदलली. पण मी बघितलं नाही."

त्याला ते नीटसं कळलं नसावं. त्यानं स्टूल पुढं सरकवलं. "बसा की सायेब. लई दमल्यासारखं दिसताय." डॉक्टरांना बसवेना आणि निघवेनाही. ते स्टुलावर हात टेकून तसेच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनाम्याचं काढलं. पुण्याचे मॅनेजर म्हणाले, "द्या सर. पण सही करणारा डॉक्टर नसला तर कायद्यानं लॅब बंद करावी लागेल. तिथला स्टाफ घरी जाईल." फोन स्पीकरवर होता. आम्ही सगळे आपापल्या कामात मान खाली घालून उभे होतो. डॉक्टरांनी एकदा आमच्याकडे बघितलं आणि राजीनाम्याचा विषय पुन्हा काढला नाही.

त्याऐवजी त्यांनी एक अट घातली. जुन्या आणि नव्या रिपोर्टात मोठा फरक दिसला तर एजंटनं कारण शोधायचं नाही, थांबायचं. मग डॉक्टर स्वतः सेंटरला फोन करणार, गरज पडली तर रक्त पुन्हा मागवणार. रिपोर्ट तुंबायला लागले. माळशिरसहून तिथल्या डॉक्टरांचे रागाचे फोन, काउंटरवर शबानाला शिव्या. आणि चौकशी केल्यावर बहुतेक वेळा एजंटांचंच बरोबर निघायचं. त्यामुळे डॉक्टरांची बाजू आणखीच लंगडी पडायची.

"सर, सगळं काम तुमच्यापाशी अडतंय," मॅनेजर एकदा व्हिडिओवर म्हणाले.

"अडवायलाच बसवलंय ना मला?" डॉक्टर म्हणाले.

मॅनेजर हसले, पण पुढच्याच महिन्यात एका सकाळी डॉक्टरांचा स्क्रीन उघडेना. लॅब काही बंद पडली नाही; सही आता दुसऱ्या शहरातल्या एक तरुण डॉक्टरबाई करणार होत्या. त्या आधीच कितीतरी लॅबसाठी करत होत्या. डॉक्टर जुळे सोलापूर भागातल्या आपल्या घरी जाऊन बसले. करारामुळे जिल्ह्यात दुसरीकडे जाता येईना, आणि या वयात जिल्हा सोडवेना. जेवायच्या टेबलावर त्यांनी आपला जुना मायक्रोस्कोप मांडून ठेवला होता. त्याखाली ठेवायला काही नसायचं.

पुढे त्यांना थकवा यायला लागला, अंगावर काळेनिळे डाग दिसायला लागले. त्यांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, बळेच रक्त आमच्याच लॅबमध्ये तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला तो मी स्वतः घेऊन गेले. रक्ताचा कर्करोग असावा, तातडीनं तज्ज्ञांना दाखवावं, असा शेरा होता.

"सर, मशीन चुकलं असेल," मी म्हणाले.

त्यांनी बोट पुढं केलं. मी थेंबभर रक्त काचेवर घेतलं, रंगवलं. ते बराच वेळ मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "चौघांचंही बरोबर आहे. शेरा पण नीट लिहिलाय." मग रिपोर्टखालचं नाव वाचून म्हणाले, "या बाईंना फोन लाव."

मी ऑफिसातून नंबर मिळवला आणि फोन स्पीकरवर लावून दिला.

"मी बिराजदार, सोलापूरहून. तुमच्या सहीचा माझा रिपोर्ट आलाय. तुम्ही बघितला होता का?"

पलीकडून हळू आवाज आला, "सर, आठवत नाही."

"मलाही आठवत नसे. घाबरू नका, रिपोर्ट बरोबर आहे. पण एकदा उघडून बघा. मी थांबतो."

फोन हातात धरून ते थांबले. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "बघितला, सर." आणि मग, "सगळे उघडून बघणं होत नाही हो."

"नाही होत. मलाही नाही झालं. ज्यात फरक दिसेल तेवढा तरी उघडत जा. लोक ओरडतील. तुम्हाला काढतीलसुद्धा. पण उघडत जा."

डॉक्टर त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. मी अजून त्याच लॅबमध्ये आहे. त्या बाईंची सही आमच्या रिपोर्टांवर येते. कधी क्षणात येते, कधी एखाद्या रिपोर्टवर तास तास येत नाही. मग पुण्याहून फोन येतो, रिपोर्ट का अडकलाय म्हणून. मी सांगते, बाई बघतायत.